जुनी जिप्सी, दोन इंच लिफ्ट आणि मोठे टायर: कुठपर्यंत जाऊ?

माजिवड्याचा_मन्या

नमस्कार मंडळी. मामांकडून २००३ ची जिप्सी किंग आलीये माझ्याकडे, एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली), सॉफ्ट टॉप, एमएच ०४ पासिंग. इंजिन ठणठणीत आहे, पत्र्याला दाराखाली थोडा गंज आहे, तो काढून घेतोय. पासिंग २०२३ ला रिन्यू झालंय म्हणजे २०२८ पर्यंत चिंता नाही.

वापर सांगतो. आठवडाभर गाडी उभीच, फार तर घोडबंदर रोडला दूध-भाजी. शनिवार-रविवार मुरबाड, माळशेज साइड, आणि जव्हारला आमचं घर आहे तिकडे पावसाळ्यात शेवटचा दीडेक किलोमीटर नुसता लाल चिखल, मध्ये ओढा. तिथे मागच्या पावसात एक्सलचा गोळा म्हणजे डिफरन्शियल दगडाला घासत होता, तेव्हापासून डोक्यात बसलंय की गाडी उचलायची.

सध्या कंपनी साइझचे २०५/७० आर १५ आहेत, तेही म्हातारे झालेत. मला २३५/७५ किंवा जमलं तर थेट ३१ इंची टाकायचेत. दोन गॅरेजला विचारलं. एक म्हणतो पाटे (सस्पेन्शनच्या लीफ स्प्रिंग) एक्सलच्या वर घेऊ, पाच इंच उठेल, एकदम राक्षस दिसेल. दुसरा म्हणतो काही नको रे, लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणारी पट्टी) टाकतो, अर्ध्या दिवसात गाडी परत. दोघं इतक्या लांबच्या गोष्टी सांगतायत की मला कळेना कोणाचं ऐकू. बजेट टायर धरून साठ हजारांच्या आसपास. आणि हो, आमच्या टॉवरला स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवणारं) आहे, ते पण लक्षात घेऊन सांगा. घरचे आधीच म्हणतायत की एवढ्या पैशात एसी बसव.

---

खारघर_जिप्सीवाला

मन्या, अभिनंदन, चांगली गाडी मिळालीये. पण आधी एक गोष्ट क्लिअर करू कारण नव्वद टक्के लोक इथेच फसतात. तुझा गोळा घासतोय ना? मग सस्पेन्शन लिफ्टने तो एक मिलिमीटरसुद्धा वर येणार नाही. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड एक्सल, गोळा त्या एक्सलवरच, आणि एक्सल चाकावर. पाटे कितीही उचल, उचलली जाते ती चासी आणि बॉडी. गोळा वर न्यायचा एकच मार्ग, मोठा टायर. लिफ्ट करायची ती त्या टायरला फेंडरखाली (मडगार्डखाली) जागा मिळावी म्हणून, आणि थोडं पोटाखालून मोकळं व्हावं म्हणून.

आता हिशोब बघ. २०५/७० आर १५ ची उंची होते साधारण ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ ची ७०३. २३५/७५ ची ७३३. ३१ इंची म्हणजे कागदावर ७८७, प्रत्यक्षात थोडी कमीच भरते. गोळा उठतो उंचीतल्या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे २१५ ने जेमतेम १८ मिमी, २३५ ने ३३, ३१ ने ६० च्या आत. वाटतं तेवढं नाहीये ना? पण ओढ्यात ३३ मिमी म्हणजे बराच फरक पडतो, अंगठ्याएवढा दगड चुकतो.

किंमत कुठे मोजतोस ते पण ऐक. इंजिन १२९८ सीसी, ८० बीएचपी आणि ती पण ६००० आरपीएमला. खाली दम कमीच. २३५ टाकलास की सगळं गिअरिंग दहा टक्क्यांनी लांब होतं, ३१ ने सतरा-अठरा. कसारा घाटात पाचवा तर विसरच, चौथा पण धापा टाकेल. ब्रेक तेच राहणार, पुढे डिस्क मागे ड्रम, त्यांना आता जड आणि मोठं चाक थांबवायचंय. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा तू खरा ८८ ने चाललेला असशील, ३१ असेल तर ९४ च्या पुढेमागे. पाम बीच रोडवर स्पीड कॅमेऱ्याला हे समजावून सांगता येत नाही.

गॅरेजला जायच्या आधी टेप घे. गाडी सपाट जागी उभी कर, चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत अंतर मोज आणि इथे टाक. वीस वर्षांचे पाटे आहेत, बसलेले असणार. कित्येक गाड्यांना नुसते नवे कंपनी पाटे टाकले की इंचभर उंची परत येते, आणि मालक सांगत फिरतो लिफ्ट केली म्हणून.

---

चिखलसम्राट_कल्याण

अरे काय इंचाइंचाचा हिशोब लावून बसलात 😄 मन्या भावा जिप्सी घेतली आहेस ना मग एसपीओए (स्प्रिंग ओव्हर एक्सल) कर आणि मोकळा हो, पाटे एक्सलवर आले की पाटे न बदलता पाच इंच मिळतात, तेच जुने पाटे चालतात, फक्त एक्सलवर नवीन बैठका वेल्ड करायच्या, शॉक लांब घ्यायचे, ब्रेक होज लांब घ्यायचा, ३१ आरामात बसतात आणि पाटा एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या प्लेटचा खाली लोंबणारा भाग जातो ना तो वेगळाच फायदा, दगडावर अडकत नाही. माझ्या ग्रुपमध्ये सगळ्यांच्या तशाच आहेत, काही होत नाही.

---

पाटेवाला_कळंबोली

आमचं कळंबोलीला पाट्यांचंच काम, जास्त ट्रक टेम्पोचं, जिप्सी पण येतात अधूनमधून. सम्राट भाऊ म्हणतायत ते अर्धं बरोबर आहे. यू-बोल्टची प्लेट वर जाते हे खरं आणि फायद्याचं आहे. पण पाटे वर घेतले की एक्सल आणि पाट्याच्या मधलं अंतर वाढतं, म्हणजे लो गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की एक्सल स्वतःभोवती फिरायला बघतो आणि पाट्याचा एस आकार होतो. कच्च्या रस्त्यावर चाक उड्या मारतं ते त्यामुळेच. आणि शाफ्टचा क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) तिथेच जातो. मग ते थांबवायला ट्रॅक्शन बार लावा, मग स्टीअरिंगची ड्रॅग लिंक (स्टीअरिंगचा जोर चाकाकडे नेणारी दांडी) तिरकी होते म्हणून ती वाकवून किंवा वरून घेऊन नवीन करा, मग बैठक वेल्ड करताना गोळ्याचं तोंड किती अंशावर ठेवायचं ते जमलं नाही तर ६० च्या पुढे गाडी गुणगुणणार. हे सगळं नीट करणारे आहेत पण साठ हजारात टायर धरून ते होत नाही. जव्हारच्या घरी जायला तर नकोच.

लांब शॅकलचं सांगतो. दोन इंच लांब शॅकल टाकला की गाडी एकच इंच उठते कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं, दुसरं टोक तर चासीलाच आहे. हे गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. आणि जिप्सीचा पुढचा शॅकल पुढच्या बाजूला असतो, तो लांब केला की एक्सलचं नाक खाली झुकतं, कॅस्टर (चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकाव) कमी होतो, आणि कॅस्टर कमी झाला की स्टीअरिंग सरळ परत येत नाही आणि खड्डा लागला की हातात थयथयाट. अर्ध्या दिवसात गाडी परत मिळेल पण घोडबंदरच्या मेट्रोच्या खड्ड्यांत कळेल काय मिळालं ते. मागच्या बाजूला थोडा लांब शॅकल चालतो, पुढे नको. पुढे केलाच तर पाट्याखाली पाचर लावून कॅस्टर परत आणावा लागतो.

माझं मत विचाराल तर पाट्यांचा सेटच जरा जास्त कमानीचा घ्या, दीड ते दोन इंचाचा, त्याला मापाचे शॉक. पाटा वाढवू नका. जिप्सीचं वजन टनाच्या आसपास, त्यात गाडी आधीच कडक आहे, मागे एक पाटा वाढवला की रिकामी गाडी बेडकासारखी उडते आणि मागे बसलेली माणसं शिव्या घालतात. आणि जुन्याच पाट्यांना कमान मारून घ्यायची असेल तर कोणाकडून घेताय ते बघा. रस्त्यावर गॅस कटरने लाल करून हातोड्याने वाकवणारे आहेत, तिथे पोलादाचं पाणी उतरतं, आठ-पंधरा दिवस छान उंच दिसते आणि मग जिथे तापवलं तिथूनच बसतो नाहीतर तुटतो. एकतर थंड प्रेसवर हळूहळू कमान घेतात, नाहीतर भट्टीत पूर्ण तापवून तेलात पाणी देऊन परत टेम्पर करतात. मधलं काही नाही.

---

माजिवड्याचा_मन्या

बापरे, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. पाटेवाले दादा खूप आभार.

मापं घेतली काल. मागचे दोन्ही जवळपास सारखे, पण पुढे ड्रायव्हर साइड दुसऱ्या बाजूपेक्षा तब्बल २२ मिमी खाली आहे. मामा बहुतेक वेळा एकटेच चालवायचे आणि पेट्रोलची टाकी पण त्याच... नाही, टाकी मागे आहे, असो. मधला एक पाटा पण तडकलेला दिसतोय, आधी तो मातीचा ओघळ वाटला होता, ब्रश मारल्यावर कळलं.

आणि ती थयथयाटाची गोष्ट वाचून घाबरलो कारण माझ्या गाडीला आत्ताच ६५ च्या आसपास स्टीअरिंग थोडं हलतं. चाक बॅलन्सिंग केलं तरी आहे. लिफ्टने वाढेल का?

---

खारघर_जिप्सीवाला

वाढेल. आत्ता ढिलं काय आहे ते शोधल्याशिवाय लिफ्ट करायचीच नाही, कारण मोठं जड चाक त्याच ढिलाईला जास्त जोराने हलवणार.

घरीच बघता येतं. पुढचं एक चाक जॅकवर घे, चासीखाली स्टँड लाव, हे विसरू नको. चाकाला वर-खाली धरून हलव, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा. खेळ असेल तर किंगपिन (चाक ज्याभोवती वळतं तो खिळा) बेअरिंग नाहीतर व्हील बेअरिंग. कोणाला तरी ब्रेक दाबून ठेवायला सांग आणि परत हलव, ब्रेक दाबल्यावरही खेळ राहिला तर किंगपिन, गेला तर व्हील बेअरिंग. मग तीन आणि नऊला धरून हलव, त्यात टाय रॉडचे (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांडीचे) एंड आणि ड्रॅग लिंक कळतात, आणि त्यावेळी दुसऱ्याने वाकून सांध्यांकडे बघायचं, नुसता आवाज ऐकून भागत नाही.

जिप्सीत बहुतेक वेळा किंगपिनच निघतो. वर-खाली दोन बेअरिंग आणि शिम (पातळ चकत्या) असतात, वर्षानुवर्षं चिखल-पाणी खाऊन बेअरिंगवर खळगे पडतात. नवीन टाकताना शिम कमी करून ताण आणायचा असतो. तो ताण अंदाजाने नाही बघायचा, टाय रॉड सोडवून नकलच्या (चाक वळवणाऱ्या भागाच्या) भोकात हुकचा काटा अडकवून ओढायचं आणि मॅन्युअलमधल्या आकड्यात येतो का बघायचं. मच्छीवालीकडे असतो ना तसा स्प्रिंगचा काटा, तोच. ज्या मेकॅनिकने तो काटा काढला त्याच्याकडे गाडी सोड, ज्याने स्टीअरिंग डॅम्पर (थरथर दाबणारा शॉक) बदलू म्हटलं त्याच्याकडे नको. नवीन डॅम्परने थरथर दबते, जात नाही, आणि आतलं बेअरिंग तसंच खात राहतं.

---

कागदवाला_वाशी

कोणीच बोलत नाहीये म्हणून बोलतो, शिव्या पडल्या तर पडल्या.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. आरसीवरची माहिती कंपनीने मुळात दिलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १८२ ए आलं, त्यात परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. रस्त्यावर रोज कोणी टेप घेऊन उभा नसतो हे मलाही माहितीये. पण तुझी २०२८ ला परत पासिंगला जाणार, १५ वर्षांवरची गाडी, इन्स्पेक्टर समोर उभा राहून बघणार. ३१ इंची टायर फेंडरच्या बाहेर चार बोटं आलेले असतील तर तो परत पाठवणार, मग परत जुनी चाकं शोधत फिरायचं.

त्याहून मोठं म्हणजे इन्शुरन्स. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल आणि नंतर अपघात झाला, त्यात कोणी तिसरा जखमी झाला, तर क्लेमच्या वेळी त्यावर बोट ठेवायला त्यांना जागा मिळते. जे करशील ते कळवून, लेखी उत्तर घेऊन कर. कंपनी साइझच्या जवळ राहशील तेवढं बोलायला तोंड राहतं.

स्टॅक पार्किंगचं तू विचारलंस आणि कोणी उत्तर दिलं नाही. जिप्सीची उंचीच १.९ मीटरच्या आसपास आहे. दोन इंच लिफ्ट आणि २३५ धरले तर आठ-नऊ सेंटिमीटर वाढते. तुझ्या पॅलेटवर (गाडी उभी करायच्या फळीवर) किती उंचीची मर्यादा लिहिलीये ते वाच, बऱ्याच ठिकाणी खालचा कप्पा सेडानचा असतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला वरच्या गाडीच्या मालकाचा फोन यायच्या आधी बघ.

---

चिखलसम्राट_कल्याण

कागदवाले काका तुम्ही मूड घालवलात 😂 पण इन्शुरन्सचं बरोबर आहे. मन्या एक अजून, लिफ्ट झाली की येऊरला फोटो काढायला चिखलात घालू नको हा, ते नॅशनल पार्क आहे, चौकीवर विचारतात आणि आपल्यासारख्या सगळ्यांचं नाव खराब होतं. त्यापेक्षा मुरबाडला कोणाच्या शेतात विचारून जाऊ, मी आहे सोबत.

---

माजिवड्याचा_मन्या

पॅलेटवर २.० मीटर लिहिलंय 😑 म्हणजे २३५ प्लस दोन इंच म्हणजे अगदी काठावर किंवा बाहेरच.

घरी बसून परत विचार केला. मग असं करू का: किंगपिन आणि बुश आधी, मग दीड इंच कमानीचा पाट्याचा सेट, शॉक, आणि टायर २१५/७५ एटी (ऑल टेरेन). रिम तेच ठेवतो, ५ बोल्टचे ओरिजिनल. गोळ्याचं दुःख १८ मिमीने कमी होईल, बाकी ओढ्यातले दोन दगड मी बाजूला करतो. आधी वाटलं होतं काय फालतू तडजोड, पण आता बरं वाटतंय. पाटेवाले दादा, काम करून घेताना मी समोर उभं राहून काय काय बघू? मला गॅरेजवाले बाहेर चहा प्यायला पाठवतात.

---

पाटेवाला_कळंबोली

चहा आत मागवा.

पहिलं म्हणजे यू-बोल्ट नवीन. जुना यू-बोल्ट एकदा ताणला गेला की परत तेवढा धरत नाही, साफ करून काळा रंग मारून लावतात, तो घेऊ नका. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीच्या भोकात बसलंय का ते यू-बोल्ट आवळायच्या आधी बोटाने चाचपून बघा, नाहीतर एक्सल थोडा पुढेमागे बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

दुसरं, आणि हे जवळजवळ सगळीकडे चुकतं. पाट्याच्या डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हाताने लावायचे. गाडी चाकांवर खाली उतरवायची, दोन-चार वेळा दाबून हलवून पाटा बसू द्यायचा, आणि मग शेवटचं आवळायचं. वर लटकत्या अवस्थेत आवळले की रबर बुश त्या पोझिशनला घट्ट धरून बसतो, गाडी खाली आली की तो कायम पिळलेला राहतो, महिन्या-दोन महिन्यांत फाटतो आणि मग कुईकुई सुरू. लोक पाट्याला दोष देतात.

पुढचा एक्सल बसला की स्टीअरिंग वाकडं दिसणार, घाबरू नका, ड्रॅग लिंक फिरवून ते मध्यावर आणायचं. चाकं पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून, आणि एक चाक उंचवट्यावर चढवून, ब्रेक होज ताणतो का बघा. ताणत असेल तर लांब होजच हवा, तारेने बांधलेला चालणार नाही. बंप स्टॉप पण बघा, शॉक पूर्ण दाबला जायच्या आधी एक्सल बंप स्टॉपला लागला पाहिजे, नाहीतर पहिल्या मोठ्या खड्ड्यात शॉकच स्टॉपचं काम करतो आणि त्याचं तेल बाहेर.

पाटे काढलेत तर त्याच वेळी चासीला हातोडीने टकटक करून बघा, मागच्या शॅकलच्या जागी जास्त. आवाज बद्द आला किंवा पोपडा निघाला तर आधी वेल्डिंग. खाडीजवळच्या गाड्यांना हे असतंच.

शे-दीडशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट परत आवळून घ्या. आमच्याकडे आलात तर ते फुकट करतो.

---

खारघर_जिप्सीवाला

प्लॅन चांगला आहे मन्या. एकच भर. टायर चार नाही, पाच घे. आपल्या जिप्सीत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मधे वेगळं डिफरन्शियल नाही, फोर व्हील लावलं की पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो, त्यात एक चाक ६६८ चं आणि बाकीची ७०३ ची असली की ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स) आणि क्रॉसवर सगळा पीळ येतो. स्टेपनी जुनी ठेवायचीच असेल तर ती लावून टू व्हीलमध्येच घरी यायचं. आणि नवीन स्टेपनी मागच्या दाराला टांगायच्या आधी बिजागऱ्या बघ, २००३ च्या गाडीत दार उघडल्यावर हाताने उचलून लावावं लागत असेल तर पिना गेल्यात.

---

माजिवड्याचा_मन्या

उचलूनच लावावं लागतं. पिना पण यादीत टाकल्या. कळंबोलीला पुढच्या शनिवारी सकाळी येतो दादा, दुकान किती वाजता उघडतं?

---

पाटेवाला_कळंबोली

नऊला. गाडी धुऊन आणा, खालून, चिखल असला की बोल्ट सोडवायलाच दुपार होते.